बायपासनंतरचे पहिले तीन महिने : रुग्णाला घरी सांभाळणाऱ्यांसाठी सविस्तर मार्गदर्शन

बायपास व्यवस्थित पार पडली असे सर्जनने सांगितले की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. मात्र रुग्णाला घरी आणल्यावर पुढचे तीन महिने नेमके काय करायचे, यासाठी डिस्चार्ज कार्डावरच्या चार ओळींपलीकडे बहुतेकांच्या हाती काहीच नसते. मराठवाड्यातल्या कुटुंबांची अडचण तर आणखी मोठी आहे. शस्त्रक्रिया होते छत्रपती संभाजीनगरला, पुण्याला, सोलापूरला किंवा हैदराबादला, आणि रुग्ण परततो परभणी, हिंगोली, बीड किंवा धाराशिव जिल्ह्यातल्या गावात, जिथून सर्जन शंभर ते चारशे किलोमीटर दूर असतो. अशा वेळी कोणता त्रास अपेक्षित आहे, कोणता त्रास फोनवर विचारण्यासारखा आहे आणि कोणत्या त्रासात क्षणभरही थांबू नये, हे घरातल्याच कोणाला तरी कळावे लागते. हा लेख त्या माणसासाठी आहे.

आपल्याकडे रुग्णाला जपायचे म्हणजे त्याला अंथरुणावरून हलू द्यायचे नाही, अशी समजूत घट्ट बसलेली आहे, आणि बायपासच्या बाबतीत ती घातक ठरते असे माझे स्पष्ट मत आहे. या रुग्णाला दोन गोष्टी एकाच वेळी मिळाव्या लागतात : छातीच्या हाडावर कसलाही ताण येता कामा नये, आणि बाकीच्या शरीराची हालचाल रोज थोडी थोडी वाढली पाहिजे. पुढची बहुतेक पथ्ये या दोन गरजांमधूनच आलेली आहेत.

शरीरात काय झालेले असते

नेहमीच्या पद्धतीच्या बायपासमध्ये छातीच्या मधोमध असलेले उरोस्थीचे हाड उभे कापून छाती उघडतात. तुंबलेल्या धमनीच्या पुढे रक्त पोहोचवण्यासाठी छातीच्या आतल्या बाजूची धमनी, पायातली शीर किंवा हातातली धमनी वापरून नवा मार्ग जोडतात आणि शेवटी हाडाचे दोन्ही भाग पोलादी तारांनी बांधून टाकतात. या तारा कायम आत राहतात. हाड सांधायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात आणि पूर्ण मजबूत व्हायला सुमारे तीन महिने. म्हणजे रुग्णाला जखमा दोन असतात, छातीची आणि पायाची किंवा हाताची. घरचे लोक छातीकडेच पाहत राहतात. प्रत्यक्षात पायाची जखम अनेकदा जास्त चिघळते, विशेषतः मधुमेही रुग्णांमध्ये.

रुग्णालय सोडण्याआधी

घरातल्या एका माणसावर मुख्य जबाबदारी सोपवावी. मुलगा, सून, मुलगी, पत्नी कोणीही चालेल, पण डॉक्टरांशी बोलणे, औषधांचा हिशेब आणि नोंदी एकाच हाती असाव्यात. चार जणांनी चार सूचना ऐकल्या की एकही नीट पाळली जात नाही. त्या माणसाने शंभर पानी वही घ्यावी आणि डिस्चार्जच्या आदल्या दिवशीच पुढील प्रश्नांची उत्तरे तिच्यात लिहून घ्यावीत : टाके किंवा स्टेपल कधी आणि कुठे काढायचे, अंघोळ कधीपासून घालायची, रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या किती आहेत आणि त्यांपैकी कोणती किती काळ घ्यायची, इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) हृदयाची पंपिंगची क्षमता किती आली, दिवसाला पाणी किती द्यायचे, आणि रात्री काही झाले तर कोणत्या क्रमांकावर फोन करायचा.

डिस्चार्ज कार्ड, अँजिओग्राफीचा अहवाल व सीडी, इको, ईसीजी आणि रक्ताचे अहवाल एका फाइलमध्ये ठेवून कार्डाच्या दोन झेरॉक्स काढाव्यात आणि मोबाइलमध्ये फोटो घ्यावा. शस्त्रक्रिया महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतून झाली असेल, तर घरी निघण्यापूर्वी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेचे काम पाहणाऱ्या माणसाला) गाठून डिस्चार्जनंतरची तपासणी आणि सुरुवातीची औषधे योजनेत किती दिवस मिळतात हे स्पष्ट विचारावे. या योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे आणि पुढेही तिची गरज पडू शकते, म्हणून तिची कागदपत्रे त्याच फाइलमध्ये असावीत. याच दिवसांत आपल्या तालुक्याच्या ठिकाणचा एखादा एमडी फिजिशियन ठरवून ठेवावा. घरी आल्यावर चार-पाच दिवसांत फाइल घेऊन त्याला एकदा दाखवून आणले, तर मध्यरात्री अडचण आल्यास त्याला रुग्ण आधीच माहीत असतो.

परतीचा प्रवास

एसटीने आणू नये. गाडीने आणताना रुग्णाला पुढच्या सीटवर बसवू नये, कारण एअरबॅग उघडल्यास तिचा आघात थेट छातीवर होतो. मागच्या सीटवर सीटबेल्ट लावूनच बसवावे. बेल्ट रुतत असेल तर मध्ये टॉवेलची जाड घडी ठेवावी. दर तासा-दीड तासाने गाडी थांबवून पाच मिनिटे चालवावे, कारण पाय लोंबते ठेवून सलग बसल्याने सूज येते आणि पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. वाटेत घ्यायच्या गोळ्या डिकीतल्या बॅगेत न ठेवता हाताशी ठेवाव्यात.

घरातली तयारी

सतरंजीवर किंवा खाली गादी टाकून झोपवणे आठ आठवडे बंद. जमिनीवरून उठताना माणूस नकळत दोन्ही हातांवर भार देतो आणि तो सगळा ताण हाडाच्या सांध्यावर येतो. सैल विणलेली बाजही नको, कारण तिच्यातून उठणे जास्त अवघड असते. गुडघ्याइतक्या उंचीचा, कडक पाटाचा पलंग आणि डोक्याकडे दोन-तीन उशांचा उतार, ही सर्वात सोयीची व्यवस्था. दिवसा बसण्यासाठी हात असलेली, ताठ पाठीची खुर्ची ओसरीत ठेवावी.

शौचालयाकडे सर्वात आधी लक्ष द्यावे. गावाकडे बहुतेक घरांत भारतीय बैठकीचे शौचालय असते आणि उकिडवे बसून उठणे या रुग्णाला किमान सहा ते आठ आठवडे झेपत नाही. कमोड खुर्ची वैद्यकीय साहित्याच्या दुकानात मिळते आणि काही ठिकाणी भाड्यानेही मिळते. मधोमध भोक असलेली प्लास्टिकची खुर्ची शौचाच्या भांड्यावर ठेवली तरी काम भागते, मात्र ती डळमळणारी नसावी. जोर करावा लागेल अशी बद्धकोष्ठता होऊ देऊ नये. वेदनाशामक गोळ्या आणि कमी खाणे यांमुळे ती हमखास होते, म्हणून पोट साफ होण्याचे औषध डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावे. न्हाणीत बसायला उंच स्टूल हवे आणि कडी आतून लावू नये.

उठणे आणि बसणे

हा भाग रुग्णालयातच फिजिओथेरपिस्टकडून रुग्णाला आणि सांभाळणाऱ्याला, दोघांनाही शिकून घेता आला तर फार बरे. पाठीवर झोपलेल्या रुग्णाने प्रथम दोन्ही गुडघे दुमडावेत. छातीशी उशी धरून, खांदे आणि कंबर एकत्र फिरवत संपूर्ण शरीर एका कुशीवर वळवावे. दोन्ही पाय पलंगाच्या कडेवरून खाली सोडावेत. सांभाळणाऱ्याने एक हात खांद्यामागे आणि दुसरा पाठीच्या वरच्या भागाला देऊन आधार द्यावा आणि पाय खाली जातील तसे धड वर उचलावे. रुग्णाचा दंड किंवा बगल धरून ओढणे पूर्णपणे वर्ज्य आहे. प्रेमापोटी बहुतेक जण नेमके हेच करतात आणि हाडाच्या दोन बाजू एकमेकींपासून ताणल्या जातात. बसते झाल्यावर दोन मिनिटे तसेच थांबावे, कारण रक्तदाबाच्या गोळ्यांमुळे एकदम उभे राहिल्यास चक्कर येते. खुर्चीतून उठताना कडेला सरकावे, पाय मागे घ्यावेत, छातीशी उशी धरावी आणि मांड्यांच्या बळावर उभे राहावे.

पहिले सहा आठवडे दोन-तीन किलोंपेक्षा जास्त वजन उचलायचे नाही. भरलेली कळशी, पाण्याची बादली, गॅसचे सिलिंडर, नातवाला कडेवर घेणे, हातपंप मारणे, विहिरीचा रहाट ओढणे, कणीक जोर लावून मळणे, घट्ट खिडकी ढकलणे हे सगळे त्यात येते. उन्हाळ्यात टँकर आल्यावर घराची धांदल उडते आणि रुग्ण आपणहून भांडे उचलायला जातो. त्या वेळी त्याला आत बसवावे. हात डोक्याच्या वर नेणे किंवा पाठीमागे ताणणेही टाळावे, मात्र खांदे आखडू नयेत म्हणून ते दिवसातून काही वेळा सावकाश गोल फिरवावेत. रुग्णालयाने छातीचा पट्टा दिला असेल तर तो सांगितलेल्या वेळेत नियमित बांधावा.

स्त्री रुग्णांच्या बाबतीत एक गोष्ट संकोचामुळे बोलली जात नाही. स्तनांच्या वजनाने छातीच्या जखमेचा खालचा भाग ओढला जातो आणि तिथे घाम साचून जखम चिघळते. म्हणून पुढून उघडणारी, तार नसलेली, मऊ सुती आधार देणारी ब्रा दिवसरात्र वापरावी आणि खालची घडी कोरडी ठेवावी. घरच्या बाईमाणसाने हे आपणहून पाहावे.

जखम

रोज सकाळी उजेडात दोन्ही जखमा पाहाव्यात. परवानगी मिळाल्यानंतर कोमट पाणी आणि सौम्य साबणाने, न चोळता अंघोळ घालावी आणि स्वच्छ पंचाने टिपून कोरडे करावे. त्यावर हळद, खोबरेल, पावडर, भस्म किंवा कोणी सांगितलेला लेप लावू नये. पायाची शीर काढलेली असल्यास त्या पायाला काही आठवडे सूज राहते. बसताना तो पाय स्टुलावर ठेवावा, मांडी घालून किंवा पायावर पाय टाकून बसू नये, आणि दिवसा सांगितल्याप्रमाणे क्रेप बँडेज किंवा मोजे वापरावेत. छातीच्या डाव्या बाजूला बधिरपणा, जखमेला खाज, खांदे व पाठ भरून येणे, करंगळीला मुंग्या हे त्रास अनेकांना होतात आणि हळूहळू कमी होतात.

श्वासाचा व्यायाम

तीन चेंडूंचे स्पायरोमीटर घरी आल्यावर कपाटात जाते, ते जाऊ देऊ नये. भूल आणि छातीच्या दुखण्यामुळे रुग्ण उथळ श्वास घेतो, फुप्फुसाचा खालचा भाग नीट फुगत नाही आणि कफ साचून न्यूमोनिया होऊ शकतो. अनेक जण यंत्रात फुंकतात, ते चुकीचे आहे. हवा सावकाश आत ओढायची, चेंडू वर गेले की दोन-तीन सेकंद धरायचे आणि मग नळी तोंडातून काढून श्वास सोडायचा. जागेपणी दर एक-दोन तासांनी दहा वेळा, असे महिनाभर तरी करावे. खोकताना, शिंकताना छातीशी उशी घट्ट आवळून धरावी. खोकला दाबून ठेवू नये.

चालणे

घरी आल्याच्या दुसऱ्याच दिवसापासून सपाट जागेवर पाच-पाच मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा चालवावे. रोज एक-दोन मिनिटे वाढवत गेल्यास चौथ्या ते सहाव्या आठवड्यापर्यंत सलग अर्धा तास चालणे बहुतेकांना जमते. वेग किती असावा याची परीक्षा सोपी आहे : चालता चालता पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. धाप लागून शब्द तुटू लागले तर वेग कमी करावा. छातीत दाब, चक्कर किंवा धडधड जाणवल्यास तिथेच बसवावे. जेवणानंतर तासभर चालू नये. जिना चढायला हरकत नसते, मात्र सावकाश आणि कठडा न ओढता.

मार्च ते जूनमध्ये आपल्या भागात पारा ४० अंशांच्या वर जातो, तेव्हा सकाळी आठच्या आत आणि सूर्य मावळल्यानंतरच बाहेर काढावे. दुपारी घरातल्या घरात फेऱ्या माराव्यात. लघवीची गोळी सुरू असलेल्या रुग्णाचे उन्हाळ्यात दोन्हीकडून हाल होतात. पाणी कमी पडले तर रक्तदाब उतरून भोवळ येते, आणि ऊन आहे म्हणून भरमसाट पाजले तर पायांवर, फुप्फुसांत पाणी साचते. म्हणून डॉक्टरांनी दिलेले प्रमाण बाटलीने मोजूनच पाजावे.

वही, वजनकाटा आणि बीपीचे यंत्र

रोज सकाळी शौचानंतर, न्याहारीपूर्वी, सारख्याच कपड्यांत वजन करावे. नाडी, रक्तदाब, ताप आणि मधुमेह असल्यास साखर यांची नोंद त्याच ओळीत लिहावी. वजन एका दिवसात किलोभराहून जास्त किंवा आठवड्यात दोन किलोंहून जास्त वाढले, तर रुग्ण सुधारला असे समजू नये. बहुधा शरीरात पाणी साठत असते आणि धाप लागण्याच्या आधीच वजनकाटा ते सांगतो. फोनवर सर्जनशी बोलताना 'बरे आहे, जरा अशक्तपणा आहे' असे म्हणण्यापेक्षा वहीतले आकडे वाचून दाखवावेत, म्हणजे दूर बसलेल्या डॉक्टरलाही निर्णय घेता येतो.

औषधे

बायपासने नवा रस्ता दिला, पण रक्तवाहिन्या तुंबण्याचा मूळ आजार शरीरात तसाच असतो. छातीतल्या धमनीचा जोड दहा वर्षांनंतरही बहुसंख्य रुग्णांत उघडा राहतो, तर पायातल्या शिरेचे जोड तोपर्यंत मोठ्या प्रमाणावर बंद पडलेले असतात. हे बंद पडणे लांबवायचे असेल तर गोळ्या आणि तंबाखूपासून फारकत यांना पर्याय नाही. सामान्यतः ॲस्पिरिन आणि कोलेस्टेरॉल कमी करणारी ॲटोरव्हास्टॅटिन किंवा रोसुव्हास्टॅटिन या गोळ्या आयुष्यभर असतात. क्लोपिडोग्रेलसारखी रक्त पातळ ठेवणारी दुसरी गोळी काही महिने ते वर्षभर असते. मेटोप्रोलोलसारखी नाडी काबूत ठेवणारी गोळी एकदम बंद केल्यास धोका होतो. रॅमिप्रिलसारख्या रक्तदाबाच्या गोळीने काहींना कोरडा खोकला येतो. तसे झाल्यास गोळी स्वतः न सोडता डॉक्टरांकडून बदलून घ्यावी.

तालुक्याच्या मेडिकलवर लिहिलेली कंपनी मिळत नाही, दुकानदार दुसऱ्या कंपनीची तीच गोळी देतो, आणि घरात जुनी व नवी अशी दोन्ही पाकिटे सुरू राहतात. एकच औषध दुप्पट पोटात जाण्याचा हा धोका टाळण्यासाठी वहीत प्रत्येक गोळीचे मूळ नाव, मात्रा आणि ती कशासाठी आहे हे लिहावे. नवे पाकीट आणल्यावर नाव आणि मिलिग्रॅम जुळवून पाहावेत आणि जुने पाकीट बाजूला काढावे. जनऔषधी केंद्रातही यांपैकी बरीच औषधे स्वस्तात मिळतात, तिथेही हीच पडताळणी करावी. सात दिवसांचा खणांचा डबा भरून ठेवला म्हणजे गोळी घेतली की नाही हा वाद राहत नाही. चुकलेली गोळी पुढच्या वेळी दुप्पट घेऊ नये. किमान दहा दिवसांचा साठा घरात असावा.

आपल्याकडच्या दोन सवयी या रुग्णाला विशेष बाधतात. पहिली, अंग दुखते म्हणून मेडिकलवरून डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन असलेली गोळी आणणे. या औषधांनी मूत्रपिंडांना इजा होते, पोटात रक्तस्राव होऊ शकतो आणि हृदयविकाराचा धोकाही वाढतो. डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या प्रमाणात पॅरासिटामॉल घ्यावे. दुसरी, अशक्तपणा वाटला की गावातल्या दवाखान्यात जाऊन सलाईन लावून घेणे. हृदय दुबळे असलेल्या माणसाच्या शिरेत बाटल्याच्या बाटल्या पाणी सोडले तर ते फुप्फुसांत साचून जीव धोक्यात येऊ शकतो. ज्याने फाइल वाचलेली नाही अशा कोणालाही इंजेक्शन किंवा सलाईन लावू देऊ नये. दात काढण्यापूर्वीही रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या सुरू असल्याचे सांगावे.

जेवण

पहिले दोन-तीन आठवडे भूक मेलेली असते, तोंडाला चव नसते आणि काहींना अन्नाचा वासही नकोसा होतो. या काळात पथ्याच्या नावाखाली उपाशी ठेवू नये. जखम भरायला प्रथिने लागतात. थोडे थोडे, दिवसातून पाच-सहा वेळा द्यावे : मुगाची मऊ खिचडी, घट्ट वरण, मोड आलेली मटकी, ताजे दही, चालत असेल त्यांना अंड्याचा पांढरा भाग किंवा कमी तेलातला मासा. मधुमेही रुग्ण इन्सुलिन घेत असेल आणि जेवण निम्मे झाले असेल, तर साखर एकदम उतरते. इन्सुलिनचे प्रमाण डॉक्टरांना विचारून बदलावे.

आपली ज्वारीची भाकरी, पालेभाजी आणि वरण हे या रुग्णासाठी मुळात चांगलेच अन्न आहे. मीठ जाते ते ताटाच्या डाव्या बाजूने. लोणचे, पापड, कुरडई, ठेचा, खारवलेल्या मिरच्या, शेव-फरसाण आणि भाकरीच्या पिठात वरून टाकलेले मीठ मिळून दिवसाच्या पाच ग्रॅमची, म्हणजे एका चमच्याची, मर्यादा दुपारपर्यंतच ओलांडली जाते. सैंधव वापरल्याने यात फरक पडत नाही, तेही मीठच आहे. दुकानात मिळणारे कमी सोडियमचे मीठ मात्र विचारल्याशिवाय देऊ नये, कारण त्यातले पोटॅशियम रक्तदाबाच्या काही गोळ्यांबरोबर वाढून घातक ठरू शकते. चव आणायला लिंबू, आमसूल, कोथिंबीर, जिरे, लसूण आहेतच. तेल करडईचे वापरत असाल तर चालू द्या, पण मोजून. तळलेल्या तेलात पुन्हा तळणे बंद करावे. शेंगदाण्याची चटणी चमचाभर चालते, कुटाचे वाटण घातलेली तर्री नाही.

एकादशी, नवरात्र किंवा रोजे यांचा प्रश्न प्रत्येक घरात येतो. पहिले तीन महिने उपवास करू नयेत. गोळ्या रिकाम्या पोटी जातात, साखर हलते आणि साबुदाणा-बटाट्याने पथ्यही मोडते. घरातल्या वडीलधाऱ्यांनी किंवा ज्यांच्या शब्दाला रुग्ण मान देतो अशा कोणी हे समजावून सांगितले तर ते सहज स्वीकारले जाते.

तंबाखू, मिश्री, विडी, गुटखा यांना घरात थारा नको. निकोटीनमुळे रक्तवाहिन्या आकसतात आणि नाडी वाढते. धुरातून ओढलेला असो की गालात धरलेला, तंबाखू हृदयासाठी वाईटच. रुग्णालयात सलग काही दिवस सुटलेली सवय तशीच सुटलेली राहावी यासाठी घरातल्या इतर पुरुषांनीही रुग्णासमोर चुना मळू नये. जिल्हा रुग्णालयातल्या समुपदेशन केंद्रात किंवा १८०० ११ २३५६ या राष्ट्रीय मोफत क्रमांकावर मदत मिळते.

मन आणि झोप

शस्त्रक्रियेनंतर ताठ बाण्याचा माणूसही लहानशा गोष्टीवरून रडू लागतो, चिडतो, नावे विसरतो, रात्री घाबरून उठतो. घरच्यांना हे अनपेक्षित असते आणि कोणी 'बाहेरचे काही' म्हणून उतारे शोधू लागतो. हे त्रास अनेकांना होतात आणि काही आठवड्यांत ओसरतात. रुग्णाला दिवसा जागे व हालते ठेवावे, घरातल्या निर्णयांत विचारात घ्यावे, पैशांची चर्चा त्याच्या उशाशी करू नये. कर्ज काढून ऑपरेशन केले याचे ओझे शेतकरी माणूस बोलून दाखवत नाही, पण ते त्याला आतून पोखरते. दोन आठवड्यांहून जास्त काळ उदासी राहिली, जेवण सुटले किंवा जगण्याविषयी निराशेचे बोल ऐकू आले, तर डॉक्टरांना सांगावे. १४४१६ या टेलिमानस (सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनी) क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

भेटायला येणाऱ्यांचा प्रश्न नाजूक आहे, कारण न येणाऱ्याचे मनाला लागते आणि येणाऱ्याला परत पाठवता येत नाही. रुग्णाची खोली आत आणि पाहुण्यांची बसण्याची जागा ओसरीत ठेवावी, सर्दी-खोकला असलेल्यांनी आत जाऊ नये हे नम्रपणे सांगावे, आणि भेट दहा मिनिटांत आटोपावी. दुपारी दोन ते चार कोणालाही आत सोडू नये.

थांबू नये अशी लक्षणे

जखमेचे दुखणे टोचल्यासारखे असते, हालचालीने व खोकल्याने वाढते आणि बोटाने दाखवता येते. छातीवर ओझे ठेवल्यासारखा दाब, तो हाताकडे, जबड्याकडे किंवा पाठीकडे जाणे, सोबत घाम आणि मळमळ, हे हृदयाचे दुखणे समजावे. रुग्णाला बसवावे, डॉक्टरांनी लिहून दिली असल्यास जिभेखालची गोळी द्यावी आणि लगेच १०८ ला फोन करावा. रुग्णवाहिकेला वेळ लागणार असेल तर गावातली गाडी काढावी, पण रुग्णाला मोटारसायकलवर नेऊ नये. आडवे पडल्यावर धाप लागणे, शुद्ध हरपणे, तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हातपाय लुळा पडणे किंवा जीभ अडखळणे यांतही एक मिनिट दवडू नये.

त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे अशी लक्षणे वेगळी : १००.४ अंश फॅरनहाइटपेक्षा जास्त ताप, जखमेतून पू किंवा पिवळसर पाणी, वाढती लाली, छातीचे हाड हालचाल करताना 'कट-कट' वाजणे किंवा सरकल्यासारखे वाटणे, बसल्या जागी नाडी शंभराच्या वर किंवा अनियमित राहणे, एकाच पायाची पोटरी सुजून दुखणे, डांबरासारखी काळी शौच. नाडी बेताल होण्याचा त्रास बायपासनंतर बऱ्याच रुग्णांना पहिल्या दिवसांत होतो आणि औषधाने आटोक्यात येतो, पण त्याकडे दुर्लक्ष केल्यास मेंदूत गुठळी जाण्याचा धोका असतो.

कामावर परतणे

दुकानात बसण्याचे किंवा कार्यालयातले काम सहा ते आठ आठवड्यांनी, शेतातले अंगमेहनतीचे काम तीन महिन्यांनी आणि तेही तपासणीत हिरवा कंदील मिळाल्यावर. मोटारसायकल सहा ते आठ आठवडे नाही, कारण खड्ड्यात हँडलचा झटका थेट छातीला बसतो. ट्रॅक्टरवर बसणे, पाठीवरचा फवारणी पंप, कापसाचे गाठोडे यांची घाई मृगाच्या पेरणीसाठीही करू नये. शेत या हंगामात बटईने किंवा भावकीच्या मदतीने करायची व्यवस्था आधीच लावावी. पती-पत्नीमधील शरीरसंबंध साधारण सहा आठवड्यांनंतर, दोन मजले जिना धाप न लागता चढता येऊ लागल्यावर, सुरू करता येतात. लैंगिक ताकदीच्या गोळ्या जिभेखालच्या नायट्रेट गोळीसोबत घेतल्यास रक्तदाब धोकादायकरीत्या कोसळतो, त्यामुळे त्या परस्पर आणू नयेत.

तीन महिन्यांच्या सुमारास सर्जन किंवा हृदयरोगतज्ज्ञ इको आणि रक्ताच्या तपासण्या करतात. रक्तदाब १३० बाय ८० च्या खाली, वाईट कोलेस्टेरॉल म्हणजे एलडीएल ७० च्या खाली, मधुमेह असल्यास तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ७ टक्क्यांच्या आसपास, अशी सर्वसाधारण उद्दिष्टे असतात. आपल्या रुग्णासाठी नेमके आकडे कोणते ते विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहावेत. याच फेरीत रुग्णाच्या सख्ख्या भावंडांनी आणि मुलांनीही रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्यावे, विशेषतः रुग्णाला हा आजार पंचावन्नच्या आत झाला असेल तर.